गड्ड्याला अजून महिना होता

सरोजा, तुझं सूप माझ्याकडे आलंय.

तुझ्या दहाव्याला सगळे जेवून उठले, बायका भांड्यांना लागल्या, तेव्हा तुझ्या श्रावणीनं मला मागच्या खोलीत बोलावलं. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं सूप माझ्या हातात ठेवलं. आत तुझी कात्री आणि बिडीचं पान कापायचं ते पत्र्याचं माप. "अम्मा म्हणली होती, हे अक्काला द्यायचं." मी म्हटलं, "अगं, मी काय करू याचं? मला कुटं बिड्या वळता येतात?" तर म्हणते कशी, "मला काय माहीत? द्या म्हणली, दिलं." फटकन बोलून मोकळं व्हायची रीत पोरीनं अगदी तुझी उचललीय.

सूप काखेत मारून गल्लीतनं घरी निघाले तर दारादारातल्या बायका बघायला लागल्या. बघणारच की! आशाताई म्हणून गेली कित्येक वर्षं मी याच गल्लीत घरोघर फिरते, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोराचा डोस राहिलाय ते विचारते आणि जाता जाता तंबाखूचे तोटे सांगते. आणि माझ्याच काखेत बिडीचं सूप. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला मात्र तुझा राग आला होता, खरं सांगते. जाता जाता पण मला कामाला लावून गेलीस, आणि काम काय ते सांगितलं न्हाईस.

आता महिना होत आला. सूप स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय आणि येता-जाता माझ्या डोक्याला लागतं.

आपली पहिली भेट आठवते का गं? मी लग्न होऊन नुकतीच दुधनीहून सोलापुरात, भवानी पेठेत आले होते. डोक्यावर पदर, तोंडात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. हातगाडीवाल्याला म्हटलं, "उळ्ळागड्डी द्या अर्धा किलो." आमच्या माहेरी कांद्याला तेच म्हणतात, सवयीनं तेच तोंडात आलं. गाडीवाला नुसता बघत राहिला. तेवढ्यात शेजारनं तू म्हणालीस, "तिला उल्लिगड्डा पायजे." तो वैतागला, "एक गड्डी म्हणती, एक गड्डा म्हणती, कांदा म्हणायला काय होतं वो तुमाला?" आपण दोघी तिथंच हसत सुटलो. माझं कन्नड, तुझं तेलुगू आणि मधे कांदा. गड्डी म्हणा की गड्डा, म्हणजे गोळा. बटाट्यालाही तेच, जमिनीत वाढणाऱ्या कशालाही तेच. या शहरात मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी आपलं भेटलं असं वाटलं.

हे मी मुद्दाम आधी लिहिलं. पुढं मला सबब सांगायला नको, की तो शब्द मला ठाऊक नव्हता.

तू माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मी तुझी अक्का झाले. दोन घरं सोडून राहायचो आपण, आणि बावीस वर्षांत असा दिवस गेला नसेल की तुझ्या दारावरनं जाताना तुझं "बस की, अक्का" कानावर आलं न्हाय. माझं उत्तर ठरलेलं: "बसायला कुटं वेळ हाय?" तू भिंतीला टेकून, पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन बसलेली. ओलं पान मापावर धरायचं, कात्री फिरवायची, चिमूटभर जर्दा, एक वळसा, टोक दुमडून दोरा. तुझी बोटं चालायची आणि तोंडही चालायचं. सगळ्या गल्लीची बातमी तुला माझ्या आधी. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, ते तू मला सांगायचीस आणि मग मी वही घेऊन तिच्याकडं पळायची. एकदा मी चिडूनच विचारलं, "नोंद ठेवायचं काम माझं, आणि तुला आधी कसं गं कळतं?" तू पानावरची नजर न काढता म्हणालीस, "मी बसते म्हणून. तू उभ्या उभ्या विचारतीस. सूप मांडीवर असलं की बाई बाईकडं बघत न्हाय, खाली बघून सगळं सांगती."

मी म्हटलं, "लई शहाणी हाईस."

तुझं मराठी म्हणजे काय वर्णावं! 'तो भाकरी', 'ती सूप', 'माझी नवरा'. मी चिडवायची, तर तू उलट फणकारायचीस, "मी तुझी भाषा मोडकी तरी बोलते. तू माझी किती शिकलीस ते सांग." खरंच होतं ते. रा, पो, उंद, लेदु. ये, जा, आहे, नाही. बावीस वर्षांत माझी मजल एवढीच. "पुढच्या वर्षी शिकते," असं मी दर वर्षी म्हणायची. तू तर त्याचा पाढाच केला होतास.

दुसरं भांडण तंबाखूचं. मी तुझ्या ओसरीत येऊन तोंडाच्या कॅन्सरचं पोस्टर लावायची आणि तू त्याच पोस्टरखाली बिड्या वळत बसायचीस. "अक्का, तुझं ऐकून सगळ्यांनी बिडी सोडली तर माझी श्रावणी शिकणार कशी?" ते भांडण तसंच राहिलं बघ.

आणि गड्डा! बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं की संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही सोलापूरकर गड्डा म्हणतो. तुला काय सांगायचं. दर वर्षी आपण दोघी जायचो. नवरे नकोत, पोरं नकोत, असा आपला नियम. आधी बांगड्या, मग भजी, मग उंच पाळणा. तुला पाळण्याची भीती, तरी बसायचा हट्ट. पाळणा वर गेला की माझं मनगट असं आवळायचीस की आठवडाभर वळ राहायचा. आणि खाली उतरल्यावर शेजारच्या बाईला सांगायचीस, "आमच्या अक्काला लई भीती वाटती."

त्या मार्गशीर्षात आम्हाला नवे फॉर्म आले. तीन वर्षं होतील आता. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरायचा. साखर आहे का, दम लागतो का, तंबाखू खाता का. आणि बायकांसाठी शेवटी, छातीत गाठ आहे का? होय किंवा नाही. होय आलं तर डॉक्टरांकडं पाठवायचं. इतकं सोपं काम. पण सगळी गल्ली आठवड्यात उरकायची होती आणि वरनं रोज फोन, किती झाले, किती राहिले, तुमचाच भाग मागे का?

तुझ्याकडं आले तेव्हा ऐन दुपार. तुझे व्यंकटेशभावजी आणि धाकटा दीर कारखान्यातनं जेवायला आले होते, तू वाढत होतीस. "बस की, अक्का." मी चपला सुद्धा काढल्या न्हाईत. उंबऱ्यात उभी राहून, फॉर्म चौकटीला टेकवून भराभर विचारत सुटले.

"तंबाखू?"

"वळते. खात न्हाय."

"वळते लिहायला रकाना न्हाय."

"मग तुझा फॉर्मच चुकलाय."

आणि मग तशाच सुरात, दोन पुरुष ताटावर बसलेले असताना, मी खणखणीत आवाजात विचारलं, "छातीत गाठ-बीठ?" दिराचा घास हातातच राहिला. भावजींनी मान खाली घातली. तू भाताचं पातेलं खाली ठेवलंस, पदर सारखा केलास, उंबऱ्याशी माझ्या अगदी जवळ आलीस आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणालीस, "गड्डा उंदक्का."

उंद म्हणजे आहे. तेवढं तेलुगू मला येत होतं. गड्डा आहे, अक्का. आणि मी काय केलं? मी खदाखदा हसले. "गड्डा उंद? अगं, गड्ड्याला अजून महिना हाय! आत्तापास्नंच पाळण्याची घाई?" तुझं हळू बोलणं आत पोचलं नव्हतं, माझं ओरडणं पोचलं. दीर हसला, भावजी हसले, त्यांची सुटका झाली. तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग तूही हसलीस. मी 'नाही'वर टिक केली आणि पुढच्या दाराला गेले.

तो शब्द तू उगीच काढला नव्हतास. गाठ म्हणायची लाज वाटली असेल, आणि हा आपला शब्द होता, कांद्याच्या गाडीवरचा. अक्काला बरोबर कळंल आणि बाकीच्यांना ऐकू जाणार न्हाय, असा तुझा हिशेब.

त्या संक्रांतीलाही आपण गेलो. बांगड्या घेतल्या, भजी खाल्ली. पाळण्यापाशी आल्यावर तू म्हणालीस, "यंदा नको, अक्का." मी म्हटलं, "का गं? महिन्यापास्नं तर नाचत होतीस." तू म्हणालीस, "छातीत धडधडतं." मी हसून तुझी चेष्टा केली. दिवसभर लोकांच्या तब्येती विचारत फिरणारी बाई मी, आणि छातीत काय होतंय म्हणून एका शब्दानं विचारलं न्हाय.

पाडव्याला तुमच्याकडं उगादी. दर वर्षी तुझ्याकडनं वाटीभर पच्चडी यायची, कडुनिंबाचा मोहोर, गूळ, चिंच, कैरी घातलेली. त्या वर्षी आली न्हाय. दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच आले. तर तू भिंतीकडं तोंड करून निजलेली आणि पोलक्याखाली पट्टी. गाठ दुखायला लागली तेव्हा तू भावजींना सांगितलं होतंस. ते तुला जवळच्याच एका लहान दवाखान्यात घेऊन गेले, कारण तिथं कामाचा खाडा होत न्हाय. डॉक्टरांनी सुई घालून आधी तपासायची ती गाठ सरळ कापून काढली, टाके घातले आणि घरी पाठवलं.

मी भावजींना विचारलं, "काढलेली गाठ तपासायला कुटं दिली?" त्यांनी फळीकडं बोट दाखवलं. हळदीच्या डब्याशेजारी काचेची बाटली. औषधाच्या पाण्यात बुडलेली तुझी गाठ. "डॉक्टर म्हणले, हे तपासून आणा. मी म्हटलं, आता भायेर काढलंय की. आता काय तपासायचं?" अठरा दिवस ती बाटली तिथं होती, आणि ते अठरा दिवस मी रोज तुझ्या दारावरनं उभ्या उभ्याच जात होते. रोज हळद काढताना श्रावणीचा हात तिला लागत होता. आणि तुझा तो भोळा माणूस रोग बाटलीत बंद झाला म्हणून निर्धास्त होता. त्याच्यावर मी केवढी ओरडले! नंतर वाटलं, त्याला कशाला बोलले? का तपासायचं हे त्याला कुणी समजावलं होतं? त्याच्या भाषेत, खाली बसवून, दोन मिनिटं?

बाटली मी पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून तपासणीला नेली. रिक्षात मांडीवर धरून बसले होते. रिपोर्ट आला, तो मी तुझ्या आधी वाचला.

मग मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या टेबलापुढची रांग जिन्यापर्यंत. त्यांनी विचारलं, "गाठ कधीपासून?" तू म्हणालीस, "गड्ड्याच्या आधीपास्नं." आणि माझ्याकडं वळून थोडं हसलीस. मला वाटलं, तू सणावरनं महिना सांगतीयस. आपण सगळं तसंच सांगतो की.

त्याच उन्हाळ्यात माझ्या पुण्याच्या वन्संना, वसुधाताईंना, तोच रोग निघाला. त्यांच्या ऑफिसात दर वर्षी तपासणी होते, छातीचा फोटो काढतात. त्यात दिसली, ज्वारीच्या दाण्याएवढी. हाताला लागत पण नव्हती. सुईनं तपासली, कोणतं औषध लागू पडेल त्याची परीक्षा पहिल्या आठवड्यातच झाली. तेवढाच भाग काढला. दुसऱ्या दिवशी एक बाई येऊन हाताचे व्यायाम शिकवून गेली. वन्सं आज कामावर जातात आणि मला सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवतात. त्या जगल्या याचा मला आनंदच आहे. पण सरोजा, मला संताप येतो गं. रोग एक, साल एक, दोघींच्या मधे पुणे-सोलापूरचा रस्ता. तुझा तुकडा अठरा दिवस फळीवर राहून खराब झाला, म्हणून औषधाची परीक्षा परत करावी लागली आणि त्याचा निकाल यायला पावसाळा लागला. तुझी सगळी छाती काढावी लागली. मग किरणांचा शेक द्यायचं मशीन बंद, पुढच्या सोमवारी या. पुढच्या सोमवारी आलो तर आधीचेच सोमवारवाले रांगेत.

आणि हात! तुझा बिडी वळायचा उजवा हात दुधीसारखा सुजला, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. गड्ड्यातल्या बांगड्या. मी फोनवर वन्संना सांगितलं तर त्या थक्क झाल्या. "अगं, व्यायाम नाही शिकवले? मला तर दुसऱ्याच दिवशी कागद दिला होता." त्यांनी कागदाचा फोटो पाठवला, सगळा इंग्रजीत. श्रावणीनं तो वाचून तुला तेलुगूत सांगितला आणि तू भिंतीवर बोटं चढवायला लागलीस. रोज थोडी वर. जिथवर पोचशील तिथं पेन्सिलीची खूण. मी आले की दाखवायचीस, "बघ, अक्का, आज कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत." उशीर झाला होता, तरी सूज थोडी उतरली. त्या खुणा अजून भिंतीवर हाईत. भावजी रंग देऊ म्हणत होते, मी देऊ दिला न्हाय.

केमोची सलाइन लावतात त्या खोलीतली तू मला लई आठवतेस. हाताला सुई लावलेली, डोक्याला रुमाल, आणि तोंडाची टकळी चालू. तिथं निम्म्या बायका तुमच्या तेलुगू बोलणाऱ्या. नर्स मराठीत काहीतरी सांगून निघून जायची, त्या नुसत्या माना डोलवायच्या. मग तू सुरू. "ती म्हणती, ताप आला तर घरी बसू नको, लगेच ये." "ती म्हणती, उलटीची गोळी जेवायच्या आधी." डॉक्टरीणबाई सुद्धा तुला हाक मारायच्या, "सरोजाबाई, हिला जरा विचारा ना, कुठं दुखतंय." तुझ्या मोडक्या मराठीवर अख्खी खोली चालली होती. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघायची. अभिमान वाटायचा तुझा, आणि माझी मला लाजही वाटायची.

एका सकाळी मी कांदा चिरत होते आणि दुधनीहून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "यंदा उळ्ळागड्डी लई झाल्यात शेतात, पाठवून देते." माझ्या हातातली सुरी तशीच थांबली. उळ्ळागड्डी. उल्लिगड्डा. गड्डा उंदक्का. तुझं उंबऱ्यापाशी येणं, पदर सारखा करणं, सगळं एकदम समोर आलं. आई फोनवर हॅलो हॅलो करत होती. तिला वाटलं, मी कांद्यानं रडतेय.

त्यानंतर दीड वर्षाच्या वर तू होतीस. दीड वर्ष मी तुझ्याजवळ रोज बसले, तुझी औषधं लावली, पाय चेपले, आणि हे एक वाक्य माझ्या तोंडातनं निघालं न्हाय. तू मला सांगितलं होतंस आणि मी हसले. आज म्हणते, उद्या म्हणते. तू बरी असलीस की वाटायचं, कशाला आता उकरून काढा. तू आजारी पडलीस की वाटायचं, ही काय वेळ आहे का. त्या चार महिन्यांनी काय झालं असतं, काय वाचलं असतं, मला सांगता येत न्हाय. डॉक्टरीणबाईंना विचारायचं धाडस झालं न्हाय.

आणि तू? तू पण कधी बोलली न्हाईस. एकदाच. या आषाढात, रोग उलटून परत सलाइन चालू झालेली, बाटली संपत आलेली, तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीस. तर डोळे न उघडताच म्हणालीस, "अक्का, तू लई घाईत होतीस."

मी विचारलं, "कधी गं?"

तू म्हणालीस, "नेहमीच की." आणि हसलीस. मी पण हसले. मेलीनं दार उघडून दिलं होतं मला, आत यायचं सोडून मी परत उंबऱ्यातच उभी राहिले. कार्तिकात तू गेलीस.

आता सांगते. तुझ्या फॉर्मवर 'नाही' मी लिहिलं. तू 'आहे' म्हणाली होतीस. मी चुकले, सरोजा. तू मला माफ केलं होतंस की मला अजून लाजवायला नको म्हणून गप्प राहिलीस, हे मला कधीच कळणार न्हाय. पण त्या घरात त्या दिवसानंतरही तू मला रोज "बस की, अक्का" म्हणत राहिलीस. कुठनं आणलंस एवढं मोठं मन?

मागल्या आठवड्यात फॉर्म परत आले. तेच प्रश्न, तेच रकाने, वरनं तेच फोन. मंगळवारी सकाळी मी पिशवी उचलली आणि निघताना तुझं सूप पुन्हा डोक्याला लागलं. कपाळ चोळत उभी राहिले. आणि एकदम डोक्यात उजेड पडला, तू ते मला कशाला दिलंयस. अगं बाई, सरळ सांगायचं होतंस की! पण सांगून मी ऐकलं कधी म्हणा.

श्रावणीकडं गेले, तिच्याकडनं एक वाक्य घोकून घेतलं. मग सूप घेऊन नरसम्माच्या घरी. तिथं दुपारी चौघी-पाचजणी वळायला बसतात, गडी माणसं कारखान्यात मागावर कापड विणत असतात. मी चपला काढल्या, भिंतीला टेकले, पाय पसरले आणि सूप मांडीवर घेतलं. सगळ्या बघत राहिल्या. माझी पहिली बिडी हातातच उलगडली, दुसरीत जर्दा एका टोकाला गोळा झाला, तिसरी बघून नरसम्मा म्हणाली, "ही कोण ओढणार, अक्का? हत्ती?" हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तास गेला. फोन दोनदा वाजला, मी घेतला न्हाय. तुझ्या आठवणी निघाल्या, तुझ्या मराठीच्या नकला झाल्या. हळूहळू त्यांनी माझ्याकडं बघायचं सोडलं.

मग मी पण पानाकडंच बघत, घोकलेलं वाक्य म्हटलं. "एवरिकैना गड्डा उंदा?" कुणाला गड्डा आहे का?

पुन्हा हशा पिकला. नरसम्माच सगळ्यात मोठ्यानं हसली. "अक्का, गड्ड्याला अजून महिना हाय की!"

"तो न्हवं," मी म्हटलं. पदराखाली माझ्याच छातीवर हात ठेवला. "हितला."

कात्र्यांचा आवाज चालू होता. त्यातला एक थांबला. नरसम्मानं सूप मांडीवरनं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, उठली आणि दाराला आतनं कडी लावली.

मी पेन काढलं न्हाय, सरोजा. मी बसून राहिले.